कंपाउंडच्या झाडाला पिशव्या कुणी बांधल्या? (सोसायटी ग्रुप)

शैला काकू बी-302: पार्किंगजवळच्या वडाला प्लास्टिकच्या पिशव्या कुणी बांधल्यात? जवळ जाऊन पाहिलं तर फांद्यांची साल गोल सोललेली आहे. ज्याने केलं त्याने सांगावं.

अमेय ए-601: मला लांबून दहीहंडीच वाटली 😄

मोहन काका सी-104: पिशवीत पाणी साचतं. डास होतात.

नितीन बी-701: काकू, मी बांधल्यात. बोन्सायसाठी गुटी कलमं आहेत, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटवायची आणि मग ती उतरवायची. गाड्यांवर आलेल्या, छाटायच्याच होत्या त्या पाच फांद्या घेतल्या. सेक्रेटरींना विचारलं होतं. आणि झाड नांदरूक आहे, वड नाही.

शैला काकू बी-302: वड असो की नांदरूक, साल काढली की झाड मरतं.

नितीन बी-701: खोडाची काढली तर मरेल. इथे फक्त फांदीची काढलीय. पाणी आतल्या लाकडातून वर चढतं, म्हणून पानं हिरवी राहतात. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं, ते कापाच्या वरच्या कडेला अडतं आणि तिथेच मुळं फुटतात. बाकी झाडाला धक्का नाही.

सेक्रेटरी: विचारलं होतं म्हणजे लिफ्टमध्ये. लेखी काही नाही. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाडाला इजा करणंसुद्धा तोडण्यातच धरतात. फांद्या उतरवायच्या आधी वृक्ष अधिकाऱ्यांकडे अर्ज जाईल. तोवर कुणी करवत लावायची नाही.

मोहन काका सी-104: डासांचं कुणी बोलेल का?

रश्मी ताई सी-203: नितीन, आत्ताच खाली जाऊन पाहिलं. पाचपैकी दोन गुट्या वाया जाणार. गेटकडच्या फांदीवर साल जेमतेम एक सेंटीमीटर काढलीय. फांदी अडीच सेंटीमीटर जाडीची असेल तर पट्टा चार-पाच सेंटीमीटरचा हवा. नांदरूक फार जोमदार, अरुंद काप तो लवकर भरून काढतो. दोन्ही कडांची साल एकदा जुळली की मुळं विसरा.

नितीन बी-701: ताई, लाकूड खरवडलं होतं.

रश्मी ताई सी-203: बोट फिरवून बघ. सालीखालचा थर बुळबुळीत लागतो. तो पुसून लाकूड कोरडं, खरखरीत लागेपर्यंत खरवडायचं. चीक वाहतो तो ओल्या फडक्याने टिपायचा, वाहायचा थांबला की मग रूटिंग पावडर, म्हणजे मुळं फुटायला मदत करणारी. तीही फक्त वरच्या कडेला. खालच्या कडेला लावून उपयोग नाही.

सुनीता वहिनी ए-202: याच ग्रुपवर मेंटेनन्सची थकबाकी विचारली तर कुणी वाचतही नाही.

सेक्रेटरी: वहिनी, ती यादी नोटीस बोर्डवर आहे. नावं तिथेच वाचा.

सुनीता वहिनी ए-202: नावं वाचूनच लिहितेय.

मोहन काका सी-104: डास.

रश्मी ताई सी-203: काका, मॉस (पिशवीत कापाभोवती भरतात ते ओलावा धरणारं, स्पंजसारखं) भिजवून घट्ट पिळून बांधलं की थेंबही साचत नाही. पण दुसऱ्या वाया जाणाऱ्या गुटीत तुमचं म्हणणं खरं आहे. वरची गाठ सैल आहे, फांदीवरून ओघळणारं पावसाचं पाणी थेट आत जातंय. मॉस काळं पडून वास येतोय, तिथे मुळं कुजतात. नितीन, ती आजच सोड. ताजं मॉस, आधी खालची गाठ, मग वरची, आणि वरच्या गाठीवर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे. बाहेरून काळं प्लास्टिक, नाहीतर उजेडाने आत शेवाळ धरतं.

नितीन बी-701: बाकी तीन?

रश्मी ताई सी-203: छान आहेत. काप सरळ, एका पातळीत आहे. बोन्सायला तेच महत्त्वाचं, मुळं चहूबाजूंनी एकाच उंचीवर फुटली तरच बुंधा भक्कम दिसतो. तिरका काप घेतला की एका बाजूची मुळं खाली आणि दुसरी वर, मग ट्रेमध्ये ते झाकता येत नाही.

शैला काकू बी-302: हे किती दिवस लटकणार?

रश्मी ताई सी-203: पावसाळ्यात साधारण चार ते सहा आठवडे, काकू. पांढरी मुळं दिसली म्हणून लगेच उतरवायचं नाही. त्यांना फाटे फुटून रंग तपकिरी होऊ द्यायचा. मग मॉसच्या गोळ्याच्या खाली बारीक दातांच्या करवतीने काप. पानं निम्मी कमी. मॉस ओढून काढायचं नाही, कोवळी मुळं त्यातच अडकलेली असतात. आधी साध्या कुंडीत, दोन भाग विटांचा जाड चुरा, एक भाग शेणखत, आणि खोड सुतळीने कुंडीला बांधायचं. हललं की मुळं तुटतात. महिनाभर सावली. फांद्या वळवायची तार आणि उथळ ट्रे पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर.

अमेय ए-601: मग बी लावून का नाही करत?

नितीन बी-701: बीपासून एवढा जाड बुंधा व्हायला वर्षानुवर्षं जातात. इथे तो तयारच मिळतो, वळणासकट.

शैला काकू बी-302: उतरवलेल्या फांदीच्या जागी काय राहणार? ठुणका?

रश्मी ताई सी-203: कापाखालून नवे फुटवे येतात. ठुणका फांदीच्या बुडाशी साफ कापला तर जखम लवकर भरते. तेही अर्जात लिहा.

सेक्रेटरी: अर्जाचा मसुदा नितीननेच करावा. फांद्यांचे फोटो जोडावेत.

शैला काकू बी-302: आणि त्यावर आधी माझी सही घ्यायची.

मोहन काका सी-104: बोन्सायच्या ट्रेखालच्या बश्यांत पाणी साचतं ते कोण बघणार?