एल्कच्या हंटला जातोय, घडीची करवत कुठली घेऊ?

हमाल_डेन्व्हर
मंडळी, ऑक्टोबरच्या शेवटी ऑफिसातल्या दोघांबरोबर कोलोराडोत फ्लॅट टॉप्स विल्डरनेसला (सरकारने राखलेलं रान) एल्कच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या, हंटला जातोय. रायफल त्यांची, टॅग (शिकारीचा परवाना) त्यांचा, मी आपला मांस वाहायला. (आईला फक्त 'कॅम्पिंग' सांगितलंय, कुणी ओळखीचं असेल तर गप्प बसा प्लीज.) गाडी लावून आत ६ मैल चालायचं, ५ रात्री, तंबूत छोटी लाकडाची शेगडी असणार आणि सामानाच्या वाटणीत माझ्याकडे आली करवत. दुकानात गेलो तर डोकंच फिरलं, सिल्कीची गोमबॉय, बाहकोची लॅपलँडर, ती कॅनडाची घडी होणारी अगावा, मग वायोमिंग सॉ जिच्यात लाकडाचं आणि हाडाचं अशी दोन पाती येतात, शिवाय खिशात मावणारी, दोन्ही हातांनी ओढायची साखळीची करवत. एकाच करवतीत दोन्ही कामं होतील म्हणून वायोमिंगकडे ओढा आहे पण हातात घेतल्यावर जड वाटली. आणि एक, बॅटरीवाली छोटी चेनसॉ का नको?

मोंटानाकर
शेवटचं आधी. विल्डरनेसमध्ये मोटर लागलेली कुठलीही करवत चालत नाही, पेट्रोल असो की बॅटरी, १९६४ च्या कायद्यानेच बंदी आहे. ते विसरा.

आता हाडांचं. एल्क पाडल्यावर हाडं कापावीच लागतात हा समज आहे, मी पण पहिल्या वर्षी हाडाचं पातं उचलून नेलं आणि तसंच परत आणलं. पुढचा पाय धडाला सांध्याने जोडलेलाच नसतो, नुसते स्नायू, सुरी फिरवली की सुटतो. मागच्याला खुब्याचा गोळा असतो, तिथे सुरीचं टोक घालून आतला बंध तोडला की पाय हातात. पाठीचं मांस मणक्याला लागून सोलून काढायचं. पोट न फाडता सगळं होतं, करवत कुठेच नाही. उलट मणक्यावर करवत चालवूच नका, तिकडे हरणं आणि एल्कमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा जीवघेणा रोग आहे (पहिल्यांदा दिसला तो १९६७ साली तुमच्या फोर्ट कॉलिन्सलाच), त्याचे प्रायॉन (रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं) मेंदू आणि मज्जारज्जूत जास्त असतात आणि शिजवून मरत नाहीत. शिंगांसाठी कवटी कापायची असेल तर ती वेळ वेगळी, हातमोजे घालून, आणि ते पातं मग मांसाला लावायचं नाही.

म्हणजे करवत फक्त सरपणाला. शेगडीत मनगटाएवढी ते फार तर ४ इंची लाकडं जातात, त्याला २४० मिमीची गोमबॉय, मोठ्या दातांची, पुरे.

आंबेवाला_दापोली
शिकारीतलं मला काही कळत नाही, आपल्याकडे १९७२ पासून तो विषयच बंद, पण घडीची करवत रोज हातात असते म्हणून लिहितो. कलमांच्या छाटणीला आम्ही जपानी पद्धतीचीच वापरतो. ती *ओढताना* कापते. आपला हात सुताराच्या करवतीचा, ढकलायची सवय, पहिल्याच दिवशी गड्याने जोर लावून ढकललंन आणि पातं मधोमध काडकन. ढकलताना नुसतं सरकवायचं, जोर ओढताना. आणि फांदी खालून कापताना ती वाकायला लागली की कापाची फट मिटते आणि पातं आत अडकतं, तेव्हा टोकाला दुसऱ्या माणसाने हात द्यावा, उगाच हिसके मारू नये. चीक बसला तर रॉकेलचा बोळा फिरवा. दात कडक केलेले असतात, घरी कानस लावून काही होत नाही, बोथट झालं की पातं बदलायचं, म्हणून सुटं पातं मिळतं का ते आधी बघा.

थंडीतला_पुणेकर
दापोलीकरांनी म्हटलं तेच कारण, नवखा असशील तर लॅपलँडर घे. दोन्हीकडे कापते, ढकललीस तरी माफ करते, उघडी आणि मिटलेली दोन्ही वेळा लॉक होते, पाठपिशवीत आपोआप उघडणार नाही. स्वस्तही पडते. पण ५ रात्री शेगडी पेटवणार म्हणजे तिचं १९० मिमीचं पातं रोज संध्याकाळी रडवेल हेही खरं. अगावाची २१ इंची सरपणाला राणी आहे, वजन मात्र अर्धा किलो. साखळीच्या नादी लागू नको, दोन्ही हात गुंततात, बर्फात बसून ओढताना खांदे उतरतात, मी एकदाच वापरली. ऑनलाइन दहा डॉलरवाली घडीची पण घेऊ नको, माझ्या तिचा बोल्ट दुसऱ्या दिवशी गवतात कुठेतरी पडला आणि उरलेले दिवस फांद्या गुडघ्यावर मोडल्या.

मोंटानाकर
+१. अजून एक, उभं झाड कापू नका, खाली पडलेलं वाळकंच घ्या. भुंग्याने मारलेली पाइनची झाडं त्या भागात खूप आहेत, वारा सुटला की न सांगता पडतात, तंबू लावताना वर बघा. आणि निघायच्या आधी आगबंदी लागलीय का तेही बघा, कडक बंदी असली तर लाकडाची शेगडी पण बंद, मग करवतीचं ओझं कशाला.

हमाल_डेन्व्हर
वायोमिंग कॅन्सल. गोमबॉय मोठ्या दातांची आणि एक सुटं पातं घेतो, वजनही फार नाही. मागच्या अंगणात ओंडका ठेवून ओढायची प्रॅक्टिस सुरू केली तर आईने व्हिडिओ कॉलवर पाहिलं, कॅम्पिंगला करवत कशाला म्हणून विचारते आहे. आंबेवाले काका, काय सांगू?

आंबेवाला_दापोली
सरपणाला सांग. खोटं तर नाही ना.