गिफ्टेडच्या टेस्टमध्ये १२५ आले, पुढे काय करायचं?

मॅल्व्हर्न, पेनसिल्व्हेनियाहून, तिसरीतल्या मुलाची आई
मंगळवार, रात्री

नमस्कार मंडळी,

आपल्या ग्रुपवर दिवाळीच्या जेवणाच्या मेलांमध्ये मधेच हा विषय काढतेय. पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं या वाटेने गेली आहेत, म्हणून इथेच विचारते.

माझा मुलगा तिसरीत आहे. सप्टेंबरमध्ये त्याच्या टीचरनेच सुचवलं की गिफ्टेडसाठी, म्हणजे विशेष हुशार मुलांच्या शिक्षणासाठी, याची तपासणी करून घ्या, वर्गात त्याचं काम दहा मिनिटांत संपतं आणि मग तो खिडकीबाहेर बघत बसतो. आम्ही अर्ज दिला, शाळेच्या सायकॉलॉजिस्टने विस्क ही मुलांची आयक्यू टेस्ट घेतली. भाषेच्या भागात १३३, तर्काच्या भागात १२८, वेगाच्या भागात ८६ आणि एकूण १२५. मीटिंग वीस मिनिटांत आटोपली. मुलगा हुशार आहे, पण आमचा कटऑफ १३० आहे, असं सांगून त्यांनी फाइल मिटली.

घरी आल्यावर मी त्याला सहज विचारलं, त्या दिवशी काय काय होतं रे? म्हणाला, "एकात आकड्यांखाली चिन्हं काढायची होती. एक वाकडं आलं, म्हणून मी त्याच्यावरून परत नीट गिरवलं. त्या बाई घड्याळ बघत होत्या, पण मला वाटलं त्या थांबतील."

तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

हा मुलगा रोज रात्री पाओली-थॉर्नडेल लाइनचं वेळापत्रक घेऊन झोपतो. कुठली गाडी किती स्टेशनं गाळते, त्यामुळे फिलाडेल्फियाला किती मिनिटं आधी पोचते, म्हणजे एका स्टेशनामागे किती वेळ जातो, हे वहीत मांडत असतो. भागाकार त्याला कुणी शिकवलेला नाही. तो त्याने या वेळापत्रकातूनच काढला.

बाहेर खाजगी टेस्ट करावी का? क्लास लावावा का? सासूबाई म्हणतात, पोरगं शहाणं आहे, त्याला कशाला शिक्के हवेत. त्यांचंही पटतं आणि शाळेवर रागही येतो. ज्यांना यातलं माहीत आहे त्यांनी कृपया सांगा.

---

एक्स्टनहून
मंगळवार, मध्यरात्र उलटून गेल्यावर

वहिनी, तुमचं मेल वाचून उठून बसले. आमच्या मुलीच्या वेळी अगदी हेच झालं होतं. ती आता आठवीत आहे.

आधी एक काम करा. शाळेने रिपोर्टबरोबर नोरा नावाचा कागद दिला असेल, म्हणजे शाळेच्या निर्णयाची नोटीस, त्यावर "सहमत" की "असहमत" अशी खूण करायची असते. त्याला उत्तर द्यायची मुदत फार कमी असते. ती तारीख आज बघा. "सहमत" म्हणून सही करून दिला नसेल तर तसा देऊ नका.

आता १३० चं. पेनसिल्व्हेनियात गिफ्टेड मुलांसाठी राज्याचे स्वतःचे नियम आहेत, चॅप्टर १६ म्हणतात. हे सगळीकडे नाही. अपंगत्व असलेल्या मुलांसाठी फेडरल कायदा आहे, तसा गिफ्टेडसाठी नाही, त्यामुळे राज्य बदललं की सगळंच बदलतं. आपलं नशीब की आपण इथे राहतो. त्या नियमांत १३० किंवा त्याहून जास्त आयक्यू हा एक मार्ग आहे, एकमेव नाही. निर्णय फक्त आयक्यूवर घ्यायचा नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. वयापेक्षा वर्षभर किंवा जास्त पुढचं काम करणं, नवीन गोष्ट किती वेगाने आत्मसात होते, लहानपणीच दिसलेली कौशल्यं, हे सगळं बघायचं असतं. आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे: स्मरण किंवा प्रक्रियेचा वेग यात मूल कमी पडलं, एवढ्याच कारणावरून त्याला नाकारता येत नाही.

तुमचे ८६ बघा. ते वेगाचे आहेत. विस्कमध्ये जीएआय नावाचा आकडा काढता येतो, त्यात वेग आणि तात्पुरतं स्मरण हे दोन्ही भाग धरत नाहीत. टेस्ट परत घ्यायची गरज नाही, झालेल्या टेस्टवरूनच निघतो. तो काढून रिपोर्टमध्ये लिहावा, अशी लेखी मागणी करा. तोंडी बोलू नका. तोंडी बोललेलं हवेत विरतं. आमच्या वेळी मी तीन महिने गोड बोलत राहिले आणि त्या तीन महिन्यांत काहीच हललं नाही.

पण वहिनी, एक सांगते, रागावू नका. मीटिंगला गेल्यावर "तो गिफ्टेड आहे हे मान्य करा" यावर भांडू नका. नियमातच दोन गोष्टी आहेत: मुलाकडे ती क्षमता आहे, आणि नेहमीच्या वर्गात मिळत नाही असं काहीतरी त्याला लागतं. शाळा पहिल्यावर तासभर वाद घालतील आणि दुसरीवर बोलायची वेळच येणार नाही. तुम्ही दुसरीपासून सुरुवात करा. तो रोज किती मिनिटं खिडकीबाहेर बघतो, हे टीचरकडून लिहून घ्या. गणिताच्या धड्याआधी त्या धड्याची परीक्षा घ्या म्हणावं. त्यात त्याला सगळं येत असेल, तर तो धडा त्याला परत का द्यायचा?

आमच्या मुलीला सुरुवातीला आठवड्यातून एकदा तासभर वर्गाबाहेर नेऊन कोडी द्यायचे. तिला ते आवडायचं. पण बाकीचा आठवडा ती आधीच येणारी गणितं सोडवत बसायची. कागदावर त्या एका तासाला "सर्व्हिस" म्हटलं होतं. मग आम्ही भांडून तिला गणितापुरतं एक इयत्ता वर बसवलं. त्या आठवड्यात तिने घरी येऊन पहिल्यांदा सांगितलं की आज एक गणित जमलं नाही. तिचा चेहरा इतका खुलला होता की मी ते विसरूच शकत नाही.

---

किंग ऑफ प्रशियाहून
बुधवार, दुपारी

वहिनींना उत्तर देतोय, पण खरं तर सगळ्यांसाठीच लिहितोय.

क्लास लावू नका. मी लावला होता.

आम्ही आधी व्हर्जिनियात होतो. तिथे गिफ्टेड मुलं निवडायला दुसरीत सगळ्या मुलांची कॉगॅट नावाची क्षमता चाचणी घेतली. आमच्या ओळखीतल्या सगळ्या घरांत उन्हाळ्यापासून सरावाची पुस्तकं आली होती, आमच्याही घरात आली. रोज रात्री जेवणानंतर मी मुलीला घेऊन बसायचो. आकृत्यांच्या जोड्या, आकड्यांची मालिका, कागदाला घड्या घालून भोक पाडलं तर उलगडल्यावर कुठे कुठे दिसेल. ती सात वर्षांची होती. तिला प्रश्नांचे प्रकार पाठ झाले. तिला वरच्या टक्क्यात गुण मिळाले आणि ती गिफ्टेड मुलांच्या वेगळ्या सेंटरमध्ये गेली.

तिथे गेल्यावर कळलं की आपण काय केलंय. कॉगॅटचं गुणांकन अशा मुलांवरून बेतलेलं असतं, ज्यांनी तसे प्रश्न आधी पाहिलेले नसतात. माझ्या मुलीचा आकडा तिचा नव्हता, माझ्या रात्रींचा होता. वर्ग तिच्या वेगाचा नव्हता. चौथीत ती रविवारी संध्याकाळी पोट दुखतं म्हणायला लागली. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, काही निघालं नाही. तिने एकदाच मला विचारलं, "बाबा, मी तिथे नाही गेले तर तुम्हाला राग येईल का?" मी तिथून नोकरी बदलली, त्यामागे हेही एक कारण होतं. ती आता छान आहे, चित्रं काढते, कॉलेजात आहे. पण ती तीन वर्षं मी तिच्याकडून घेतली, हे मला रोज आठवतं.

म्हणून मला वाटतं, घरात गिफ्टेड हा शब्दच नको. एक्स्टनच्या ताईंचा अनुभव मोठा आहे, पण शिक्का मिळवण्यासाठी शाळेशी कागदी लढाई करणं मला पटत नाही. वेळापत्रकं वाचणारा मुलगा घरी आनंदात आहे. त्याला घरीच खाद्य द्या.

---

एक्स्टनहून
बुधवार, संध्याकाळी

दादा, तुम्ही एवढं मोकळेपणाने लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. सरावाच्या पुस्तकांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

पण शेवटचं नाही पटलं. घरी दोन तास मिळतात, शाळेत सहा-सात. त्या सहा तासांत मूल एकच गोष्ट शिकतं: प्रयत्न न करता सगळं येतं. मग सातवी-आठवीत पहिल्यांदा अवघड काही समोर आलं की ते कोसळतं. मी हे दोन मुलांमध्ये पाहिलंय. आणि इथे शिक्का नसेल तर जीआयईपी, म्हणजे गिफ्टेड मुलासाठी शाळेने लिहून द्यायचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, नाही, आणि जीआयईपी नसेल तर शाळेवर काहीच बंधन नाही. चांगली टीचर मिळाली तर ठीक, नाही तर पुढच्या वर्षी पहिल्यापासून सुरू. मुलासमोर तो शब्द वापरायचा नाही, हे बरोबर. कागदावर मात्र तो हवा.

---

डाउनिंगटाउनहून, मुलाकडे आलेली आजी
गुरुवार, सकाळी

सर्वांना सप्रेम नमस्कार.

माझी सून मला तुमची मेलं वाचून दाखवते. मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, म्हणून राहवलं नाही.

आमच्याकडे हुशार मूल म्हणजे चौथी-सातवीच्या स्कॉलरशिपला बसणारं मूल. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने आप्पा पेंडशांच्या वेळी, १९६२ मध्ये, बुद्धिमान मुलांचं काम हाती घेतलं आणि पुढे १९६९ मध्ये त्यांची प्रशाला निघाली. तिथे चाचण्या घेऊन मुलं निवडतात. ते काम मी जवळून पाहिलंय आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण आमच्या वाडीवरचं पोर पुण्याला कोण नेणार?

माझ्या वर्गात एक मुलगा होता. लेखी गणितात कोरा पेपर द्यायचा. एकदा सकाळी मी दूध घालायला डेअरीवर गेले, तर हा तिथे उभा. मापारी फॅट सांगायचा, लिटर सांगायचा, आणि हा कागद न घेता रुपये-पैशांसह रक्कम सांगायचा. म्हाताऱ्या बाया आधी त्याला विचारायच्या, मग पावती घ्यायच्या. भागाकार कसा मांडायचा हे त्याला येत नव्हतं, भागाकार येत होता. मी त्याला वर्षभर संध्याकाळी घरी बोलावून फक्त मांडणी शिकवली. सहावीच्या नवोदयच्या परीक्षेला बसवला. नवोदयमध्ये निदान ७५ टक्के जागा खेड्यातल्या मुलांना असतात, म्हणून त्याला वाव होता. निवड झाली. त्याच्या आईने अर्जावर अंगठा उठवला होता.

बाळा, तू त्या मुलाची आई आहेस जिला मेल लिहिता येतं, नियम वाचता येतात, पत्र देता येतं. तू नक्की पत्र दे. पण त्याच शाळेत अशा आया असतील ज्यांना अर्ज असतो हेच माहीत नाही. माझ्या मुलाने मला फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीचं वाचून दाखवलं. तिथे २००५ पासून टीचर किंवा आईबापांनी सुचवायची वाट न बघता दुसरीतल्या सगळ्याच मुलांची चाळणी सुरू केली, तर गिफ्टेड वर्गात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची संख्या खूप वाढली. ती मुलं आधीही तिथेच होती. पुढे पैसे नाहीत म्हणून ते बंद पडलं. मला हे वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही शाळेत बोलाल तेव्हा हेही विचारा, की इथे सगळ्या मुलांची चाळणी होते का?

---

मॅल्व्हर्नहून
शनिवार, रात्री

आजी, ताई, दादा, तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू.

नोरा सापडला. मुदत संपायला चार दिवस होते. "असहमत" अशी खूण करून, सोबत पत्र जोडून काल शाळेत हातोहात दिला आणि प्रतीवर पोच घेतली. ताईंनी फोनवर तासभर बसून पत्र तपासून दिलं. सायकॉलॉजिस्टने जीएआय काढून दिला, १३२ आहे. मीटिंग पुढच्या गुरुवारी.

दादा, तुमचं मेल मी दोनदा वाचलं. क्लास लावत नाही. घरात तो शब्दही बोलणार नाही, सासूबाईंनाही सांगितलंय.

आजींचा प्रश्न मी पत्राच्या शेवटी घातला. टीचरने फोन करून सांगितलं की इथे सगळ्यांची चाळणी होत नाही, टीचर नाव सुचवतात. तिला स्वतःलाही ते खुपत होतं. ती म्हणाली, तिच्या वर्गात आणखी एक मुलगी आहे, घरी स्पॅनिश बोलतात, त्या मुलीच्या आईशी बोलायला टीचरला कुणीतरी हवं आहे. मला स्पॅनिश येत नाही, पण एक्स्टनच्या आपल्या मराठी शाळेत कुणाला येतं का? गुरुवारच्या आधी कळवाल का?

मीटिंगला मी त्याची वेळापत्रकाची वही घेऊन जाणार आहे. त्याला विचारूनच. त्याने दोन अटी घातल्या: शेवटच्या पानावर अजून काम चालू आहे, ते कुणी बघायचं नाही, आणि वही त्याच दिवशी परत आणायची.