'डिव्होल्यूशन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुतवर लेख लिहितो आहे. १८ जानेवारी २०२४ ला तिथल्या राजधानीत, इकालुइटमध्ये, करार झाला. त्यानुसार सरकारी जमीन, पाणी आणि खनिजं यांचा कारभार १ एप्रिल २०२७ पर्यंत ओटावाच्या केंद्र सरकारकडून नुनावुत सरकारकडे यायचा आहे, खाणींच्या उत्पन्नातला वाटाही. तिकडे याला 'डिव्होल्यूशन' म्हणतात. 'विकेंद्रीकरण' लिहिलं, पण वाचताना खटकतंय.

प्रतिसाद : खटकायलाच हवं. तालुक्याला नवीन कार्यालय उघडलं तरी आपण विकेंद्रीकरण म्हणतो. इथे एका सरकारचा अधिकार दुसऱ्याकडे जातोय. 'हस्तांतरण' लिहा. उत्तरेच्याच युकॉन प्रदेशाला ते २००३ मध्ये मिळालं, नॉर्थवेस्ट टेरिटरीजला २०१४ मध्ये. नुनावुत सगळ्यात शेवटी. अल्बर्टा आणि सास्काचेवन १९०५ मध्ये प्रांत झाले, पण आपल्या जमिनी आणि खनिजं हाती यायला त्यांनाही १९३० उजाडलं.

प्रतिसाद : हस्तांतरण ठीक, पण कशाचं ते त्याच वाक्यात सांगा. नुसतं 'जमिनीचं हस्तांतरण' वाचलं की आपल्या माणसाला सातबाऱ्यावरचं नाव बदललं असं वाटतं. अल्बर्टाच्या बाबतीत ते खरं आहे, त्या प्रांताकडे मालकीच आली. उत्तरेच्या तिन्ही प्रदेशांचं तसं नाही. तिथे कारभार आणि ताबा येतो, मूळ मालकी कॅनडाच्या राजसत्तेच्या नावावर राहते. यासाठी आपल्याकडे 'वहिवाट' हा नेमका शब्द आहे. जमीन कोण कसतं, बांधावर कोणाचा शब्द चालतो, ते वहिवाटीत येतं. मालक वेगळा असू शकतो. माझ्या आजोबांच्या तोंडी हा शब्द रोज असायचा, आता तो फक्त कोर्टाच्या कागदात उरलाय याचं मला वाईट वाटतं.

मात्र नुनावुतमध्येच 'मालकी' हा शब्दही लागेल. १९९३ च्या करारानं सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमीन तिथल्या मूळ रहिवासी इनुइट लोकांच्या मालकीची झाली, त्यातली सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटर खालच्या खनिजांसकट. ती या हस्तांतरणात येत नाही. सरकारी जमिनीला वहिवाट, इनुइट जमिनीला मालकी, हा फरक लेखात दिसू द्या.

प्रतिसाद : पैशाच्या शब्दाकडेही बघा. 'खनिज कर' नको. वाळूचा ट्रक अडवला की तलाठी विचारतो, "रॉयल्टी भरली का?" कर भरला का, असं तो विचारत नाही. सरकारी कागदात तिला 'स्वामित्वधन' म्हणतात. रॉयल्टी म्हणजे कर नव्हे, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं जुलै २०२४ मध्ये आठ विरुद्ध एक मतानं सांगितलंय. पण 'स्वामित्वधन प्रदेशाला मिळतं' एवढंच लिहिलं तर सगळी रक्कम मिळते असं वाटेल. नॉर्थवेस्ट टेरिटरीजकडे निम्मीच राहते, तीही ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत, आणि त्यातला पाव हिस्स्यापर्यंतचा वाटा करारात सामील झालेल्या आदिवासी सरकारांना जातो. तिथल्या हिऱ्यांच्या खाणी त्यांच्याच पूर्वजांच्या शिकारीच्या मुलखात आहेत.

प्रश्नकर्ता : आभार. वाक्य असं केलंय : 'सरकारी जमिनीची वहिवाट नुनावुतकडे येईल आणि स्वामित्वधनात त्याला वाटा मिळेल, मालकी मात्र राजसत्तेकडेच राहील.' 'वहिवाट'ला तळटीप देणार नाही.