मदत हवी आहे: पेरूच्या नाण्यांवर हिरवा चिकट थर, गेंड्याला मात्र काही नाही

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात, शिवाजी पेठेत राहतो. पेरू देशानं 2017 ते 2019 या काळात संकटातल्या वन्यप्राण्यांची 1 सोलची (सोल म्हणजे तिथलं चलन) दहा नाणी चलनात आणली. त्यातली चार मावसभावानं तिथून येताना माझ्या लेकीसाठी आणली: चष्मेवालं अस्वल, कोंडोर (तिथलं मोठं गिधाड), जग्वार आणि तितिकाका सरोवरातला बेडूक. दुकानात सुट्टे म्हणून मिळालेली, थोडी झिजलेलीच, पण लेकीचा सगळा जीव त्यांच्यात.

गेल्या दिवाळीत मऊ प्लास्टिकच्या खिशांचा अल्बम घेतला. त्यातच आज्जीच्या डब्यातले आपले गेंडे, म्हणजे गेंड्याचं चित्र असलेली 25 पैशांची नाणी, ठेवले. गणपती झाल्यावर उघडून बघतोय तर चारही परदेशी नाण्यांवर हिरवट, चिकट थर! बेडकावर सगळ्यात जास्त. गेंडे त्याच पानावर असून लख्ख. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, कपाटातले कपडेही ओलसर लागतात. पण मग गेंड्यांना काहीच कसं झालं नाही?

आई म्हणाली, चिंच लावून घास. मी थांबलोय. 2 ऑक्टोबरला वन्यजीव सप्ताह सुरू होतो, लेक शाळेत ही नाणी मांडणार आहे. ‘आपल्या दाजीपूरच्या गव्याचं नाणं कधी येणार?’ असा तक्ताही तिनं रंगवलाय. कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद

थांबलात ते फार बरं केलंत. चिंचेच्या आंबटानं नाण्याचा मूळ रंग जातो, तो परत येत नाही.

दोष अल्बमचा आहे. ते मऊ प्लास्टिक पीव्हीसीचं असणार. त्यातून हळूहळू आम्ल सुटतं आणि तांब्याला धरतं. 1 सोलमध्ये तांबं, जस्त, निकेल आहे. गेंडा स्टेनलेस स्टीलचा, म्हणून वाचला.

केमिकलच्या दुकानातून शुद्ध अ‍ॅसिटोन आणा. नेलपॉलिश काढायचं नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या वाटीत नाणी बुडवून ठेवा, घासू नका. खिडक्या उघड्या, गॅस बंद. मग मऊ सुती कापडावर नुसती टिपून घ्या. अल्बम टाकून द्या, मायलरचे (पॉलिएस्टर प्लास्टिकचे) खिसे वापरा, डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवा.

धागाकर्ता

खूप आभार! आजच केलं. अस्वल, कोंडोर, जग्वार स्वच्छ झाले. बेडकाच्या पाठीवर बारीक खड्डा राहिलाय. लेक म्हणते, तो तसाच मांडायचा.