मुलग्यांच्या शाळेत इतके क्लब हवेत कशाला?

मैदानमास्तर
मुलाच्या शाळेतून नव्या सत्राच्या क्लबांची यादी आली आहे. फुटबॉल, क्रिकेट, बुद्धिबळ, समूहगान, नाटक, रोबोटिक्स, मातीकाम, विणकाम, बागकाम, कोडी. मुलं आहेत सात ते अकरा वर्षांची. दर सत्राला नवा क्लब, म्हणजे चार वर्षांत सगळ्याला हात लावून झाला आणि येत काहीच नाही. मी बरीच वर्षं याच वयाच्या मुलांना फुटबॉल शिकवतोय. दिवसभर बाकावर बसलेल्या मुलाला शाळा सुटल्यावर पळायचं असतं. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं चांगली दमछाक होईल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती विणकामात होणार आहे का? माझं म्हणणं सरळ आहे: एक खेळ, एक वाद्य, चार वर्षं नेमाने. बाकी सगळं बंद करा. नाटक आणि विणकाम तर मुलग्यांच्या शाळेत हवंच कशाला?

रेघोट्या
शेवटचं वाक्य नसतं तर मी वाचून पुढे गेले असते. पण ते तुम्ही लिहिलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

मुलग्यांच्या शाळेतच तर हे क्लब हवेत. एकत्र शाळेत नाटकाच्या तालमीला मुली जास्त आल्या की मुलगे आपोआप बाजूला होतात, आणि 'हे आपलं नाही' असं ठरून जातं. जिथे सगळे मुलगेच आहेत तिथे झाड होणारा, राजा होणारा आणि राणी होणाराही मुलगाच असतो. माझा धाकटा घरी चार माणसं आली तरी तोंड उघडायचा नाही. नाटकाच्या क्लबात गेल्यावर समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं आणि मग आपलं बोलायचं, हे तो शिकला. शेलेनबर्ग नावाच्या संशोधकाने २००४ मध्ये सहा वर्षांच्या १४४ मुलांचे गट करून काहींना संगीत आणि काहींना नाट्य शिकवलं. संगीताच्या गटांची बुद्ध्यांकात थोडी जास्त वाढ झाली, पण लोकांत मिसळण्या-वागण्यातली सुधारणा दिसली ती नाटकाच्या गटात.

समूहगानाचं तर वयच हे आहे. बारा-तेराच्या आसपास आवाज फुटायला लागला की तो उंच, स्वच्छ मुलगा-आवाज गेला तो गेला. फुटबॉल विसाव्या वर्षीही खेळता येतो. व्हिएन्नातलं मुलग्यांचं गायकवृंद आपली परंपरा १४९८ पासून सांगतं, ते उगाच नाही.

आणि विणकाम. युरोपात शतकानुशतकं विणकाम करणाऱ्या कारागिरांचे संघ पुरुषांचे होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतले शाळकरी मुलगे सैनिकांसाठी मोजे-मफलर विणत होते. हात आणि डोळा एकत्र चालवायला, एक टाका चुकला तर उसवून पुन्हा घालायला शिकणं यात मुलींचं काय आणि मुलग्यांचं काय?

मैदानमास्तर
समूहगानाचं पटलं, आवाजाचा मुद्दा खरा आहे. बाकीचं नाही. चौदा मुलांनी विणकामाला नाव दिलं की माझ्या मैदानावर तेवढी मुलं कमी होतात. शाळा सुटल्यावर क्लबाला तासभरच मिळतो. पळणं घरी होत नाही, विणणं घरीही होतं.

राखीव खेळाडू
मास्तर, तुमच्या मैदानाबद्दलच बोलू या. माझा मुलगा फुटबॉल क्लबात आहे. सराव सगळ्यांना, सामना ठरावीक मुलांना. हा बाकावर बसून बाटल्या सांभाळतो. त्याचा जन्म प्रवेशाच्या तारखेच्या अगदी आतला, म्हणजे वर्गातला सर्वांत लहान. शेजारी बसणारा मुलगा त्याच्याहून जवळजवळ वर्षाने मोठा. आठव्या वर्षी एका वर्षाचा फरक म्हणजे अख्ख्या आयुष्याचा आठवा हिस्सा! उंची, ताकद, चेंडूचा अंदाज, सगळ्यातच तो फरक दिसतो. निवडणाऱ्याला वाटतं, मोठ्या मुलात 'गुण' आहेत. मग त्यालाच सामने मिळतात, सामन्यांमुळे तो सुधारतो, आणि दोन वर्षांनी ती निवड बरोबर होती असं म्हणायला सगळे मोकळे.

हे मी रागाने बोलत नाही. कॅनडाच्या आइस हॉकीवर १९८५ मध्ये अभ्यास झाला. तिथे वयोगटाची तारीख १ जानेवारी, आणि वरच्या पातळीवरचे खेळाडू वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले कितीतरी जास्त निघाले.

मैदानमास्तर
रागानेच बोलताय. सामना ठरला की समोरच्या शाळेशी खेळायचं असतं. कच्ची मुलं उतरवली आणि नऊ गोल खाल्ले तर रडत घरी जाणारी तीच मुलं असतात. त्यांची समजूत मी काढलेली आहे, तुम्ही नाही. जन्मतारखा बघून संघ निवडायचा का?

राखीव खेळाडू
आठ वर्षांच्या मुलांचा संघ निवडायचाच कशाला? नॉर्वेत मुलं अकराची होईपर्यंत गुणतालिका लावत नाहीत. इंग्लंडमध्ये २०१२ मध्ये ठरलेल्या बदलांनी आठ वर्षांखालच्यांना पाच-पाच, दहाखालच्यांना सात-सात, बाराखालच्यांना नऊ-नऊ खेळाडूंचे सामने आले. मैदान लहान, माणसं कमी, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला चेंडू जास्त वेळा लागतो. एका मोठ्या सामन्याऐवजी तीन छोटे खेळा, बाकच रिकामा होईल. नऊ गोल खाल्ल्याचं मूल संध्याकाळपर्यंत विसरतं. बाकावर बसवल्याचं माझा मुलगा विसरलेला नाही.

चौसष्ट घरं
निवडीवरून भांडताय तर आमच्या क्लबाचं दुखणंही ऐका. बुद्धिबळाला निम्मी मुलं येतात ती पालकांना 'गणित सुधारेल' असं वाटतं म्हणून. इंग्लंडमध्ये १०० शाळांत यावर मोठी चाचणी झाली, निकाल २०१६ ला आला: वर्षभरानंतर गणितात काहीही फरक नाही. बुद्धिबळ बुद्धिबळासाठी खेळा. हरल्यावर हात मिळवायचा, तीच बाजी पुन्हा मांडून कुठे चुकलो ते बघायचं, एवढं शिकलं तरी पुष्कळ. आणि प्रमाणपत्रं, बिल्ले थांबवा. १९७३ चा प्रयोग आहे: चित्र काढायला मुळात आवडणाऱ्या छोट्या मुलांना आधीच बक्षिसाचं कबूल करून चित्रं काढून घेतली. पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं कमी चित्रं काढायला लागली. आमच्याकडे मुलगा पहिल्या दिवशी विचारतो, बिल्ला कधी?

मैदानमास्तर
बिल्ल्यांवर सहमत. माझ्याकडे तर बिल्ला मिळाला की सरावाला दांडी.

जुना विद्यार्थी
मी अशाच शाळेत शिकलो, जिथे मास्तरांचं स्वप्न खरं झालेलं होतं. शाळा सुटली की फुटबॉल, दुसरं काही नाही. मी जाड होतो म्हणून गोलात उभं करायचे. गोल झाला की सगळे माझ्याकडे बघायचे. पळणं राहिलं लांब, मी तासभर जागेवर उभा असायचो, त्यामुळे ते ६० मिनिटांचं गणित माझ्या बाबतीत कोरंच राहिलं. एका बाईंनी रेडिओ जोडण्याचा छोटा क्लब सुरू केला तेव्हा मला पहिल्यांदा शाळा सुटू नये असं वाटलं. तिथे भेटलेल्या दोन मुलांशी मी नंतर पोहायला जायला लागलो. म्हणजे व्यायामही मिळाला तो मैदानाबाहेरून. 'बाकी सगळं बंद करा' असं लिहिताना गोलात उभा असलेला मुलगा तुम्हाला दिसला नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुपारची घंटा
शिक्षिका आहे, दोन क्लब चालवते. यादी लांब का असते ते सांगते. ज्याला जे येतं त्याचा क्लब होतो. विणकाम मला येतं, फुटबॉल येत नाही. विणकाम बंद केलं तर मी काही तुमच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभी राहणार नाही, तो तास सरळ कमी होईल. हा वेळ आमच्या कामाच्या वेळेबाहेरचा असतो. तरी पालक मुलाला न्यायला अर्धा तास उशिरा येतात आणि गाडीतून हात हलवतात. आणि मास्तर, माझ्याकडची चौदाही मुलं इतर दिवशी तुमच्याकडे येतात. दिवस वेगळे आहेत, यादीत लिहिलंय.

मैदानमास्तर
दिवस वेगळे असतील तर माझी मुलं जात नाहीत, एवढं खरं. पण चार वर्षांत एक तरी गोष्ट धरून ठेवावी, हे मी सोडणार नाही.

रेघोट्या
धरून ठेवू द्या ना, पण काय धरायचं ते मुलाला ठरवू द्या. आधी चार गोष्टी हाताळल्याशिवाय त्याला कळणार कसं? पहिली दोन वर्षं हिंडू दे, पुढची दोन वर्षं एकाला चिकटू दे.

मैदानमास्तर
दोन वर्षं हिंडणं फार होतं. एक वर्ष म्हणालात तर विचार करीन. राखीव, तुमच्यासाठी: पुढच्या सत्रात सात-सातचे छोटे सामने करून बघतो. समोरची शाळा तयार झाली तर. मुलं आळीपाळीने जमेल तशी उतरवीन.

राखीव खेळाडू
'जमेल तशी' म्हणजे शेवटची पाच मिनिटं, हे आम्ही पाहिलेलं आहे. अदलाबदल किती मिनिटांनी करणार ते सत्राच्या आधी लिहून लावा. आणि समोरची शाळा तयार नसेल तर आपल्याच मुलांचे चार संघ करा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.