मदत हवी आहे: मेटॅलिका ह्या अमेरिकन मेटल बँडच्या 'जस्टिस' अल्बममधे बास ऐकूच येईना, हेडफोन खराब आहेत का रेकॉर्डिंगच तसं आहे?

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे पण अर्धवट सांगितलं तर तुम्हालाही नीट सांगता येणार नाही म्हणून सगळंच लिहितो.

मी मूळचा जिंतूर तालुक्यातला, सध्या संभाजीनगरला टीव्ही सेंटरला रूम करून राहतो. आम्ही चौघं पोरं मिळून मेटल (एकदम जोरकस रॉक) वाजवतो, माझ्याकडं बास (खालच्या सुरांची गिटार), सेकंड हॅन्ड घेतला त्याला आठ महिने झाले. फेब्रुवारीत कॉलेजच्या गॅदरिंगला 'ब्लॅकन्ड' वाजवायचं ठरलंय, म्हणजे १९८८ च्या 'अँड जस्टिस फॉर ऑल' मधलं पहिलंच गाणं. मी गाणी कानानंच बसवतो, तशीच सवय लागलीय. पण ह्या गाण्यात पंधरा दिवस झाले बास शोधलालोय आन् सापडंनाच गेलाय! आधी वाटलं मोबाईलचे इयरफोन साधे आहेत म्हणून. मग मागच्या आठवड्यात साडेतीन हजाराचे हेडफोन घेतले, तरी तेच. दुकानदार शनिवारपर्यंत परत घेतो म्हणलाय, त्यामुळं जरा घाई आहे.

आता अल्बमबद्दल. मला हा अल्बम अतिशय आवडतो हे आधीच सांगतो, नाहीतर कुणी म्हणायचं नावं ठेवायलाच आलाय. नऊ गाणी, ६५ मिनिटं, आणि एकेका गाण्यात इतके रिफ (गिटारचे परत परत येणारे तुकडे) आहेत की दुसऱ्या बँडनं त्यात तीन गाणी केली असती. टायटल गाणं जवळपास दहा मिनिटांचं आहे, ते मला पहिल्या चार-पाच वेळा ओढल्यासारखं वाटलं, अजूनही मधला भाग थोडा कमी चालला असता असंच मत आहे. पण 'वन' ऐकताना मी आजही दुसरं काही करू शकत नाही. हात, पाय, डोळे, कान सगळं युद्धात गेलेला सैनिक, नुसतं डोकं जागं, आणि शेवटाकडं गिटार न् डबल बास ड्रम (दोन्ही पायांनी वाजवायचे मोठे ड्रम) मिळून मशीनगनसारखे सुटतात तिथं अंगावर काटा येतो. ह्याच गाण्याला १९९० मधे ग्रॅमी मिळालं, ते मिळायलाच पाहिजे होतं.

तक्रार आवाजाची आहे. सगळं कोरडं, टणक. किक ड्रम (तोच पायाचा ड्रम) टक् टक् लागतो, गिटार पत्र्यावर घासल्यागत धारदार आणि खाली काहीच नाही. आमचे वडील गावाकडच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात, तीस वर्षं झाली असतील. दिवाळीला गावी गेलो तेव्हा स्पीकरवर हाच अल्बम लावला होता. मला वाटलं आता बंद कर म्हणतील, पण ते उंबऱ्यात बसून अख्खं गाणं ऐकत राहिले आणि म्हणले, "पोरगं हाताचं लई तयार आहे रे, पण ह्याच्या धुमेला कणिक लावली नाही का कुणी?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पखवाजाच्या डाव्या तोंडाला धूम म्हणतात, तिला ओली कणिक थापल्याशिवाय घुमारा येत नाही. मला जे पंधरा दिवस शब्दात सांगता येत नव्हतं ते हेच.

आणि एक गोष्ट मनाला फार लागते. क्लिफ बर्टन, ह्यांचा आधीचा बासिस्ट, २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमधे बस उलटून गेला, वय फक्त २४. त्यानं मागं ठेवलेले तुकडे घेऊन ह्या अल्बममधे 'टू लिव्ह इज टू डाय' केलंय. एका बासिस्टच्या आठवणीतलं गाणं, आणि त्यातच बास ऐकू येऊ नये? त्याच्या जागी आलेला जेसन न्यूस्टेड, 'ब्लॅकन्ड' लिहिणाऱ्यांत त्याचंही नाव आहे, मग त्यानं वाजवलंय काय हे कळायला मार्गच नसावा?

तर विचारायचं एवढंच की हेडफोन परत करू का? २०१८ चं रीमास्टर (जुनंच रेकॉर्डिंग आवाज सुधारून परत काढलेलं) घेतलं तर बास येईल का? आणि नाहीच आला तर गाणं बसवायचं कसं?

—

प्रतिसाद (लातूर): भाऊ, हेडफोन परत करू नको, आधी एक कर. १९८६ च्या 'मास्टर ऑफ पपेट्स' मधलं 'ओरायन' लाव. मधे सगळं थांबून बास एकटाच सुरू होतो, तो स्वच्छ आला तर तुझ्या हेडफोनला काही झालेलं नाही. 'जस्टिस' मधे बास मिक्सिंगमधेच (सगळ्या वाद्यांचे आवाज कमीजास्त करून एकत्र करतानाच) दाबलाय. मिक्स करणाऱ्यांपैकी स्टीव्ह थॉम्पसननं पुढं मुलाखतीत सांगितलंय की बास खाली घे म्हणून ड्रमर लार्स उलरिकनंच सांगितलं होतं. त्यात न्यूस्टेडनं बऱ्याच जागी गिटारचाच रिफ जसाच्या तसा वाजवलाय आणि गिटारच्या आवाजात मधले सूर कापून खालचे सूर भरपूर ठेवलेत, त्यामुळं उरलासुरला बास गिटारखालीच झाकला जातो. रीमास्टरवर पैसे घालू नको, मिक्स जुनंच आहे.

प्रतिसाद (नांदेड): वरच्या दादांचं बरोबर आहे. बसवायचं असेल तर १९८९ चं सिॲटलच्या शोचं लाइव्ह रेकॉर्डिंग बघ, सुरुवातच 'ब्लॅकन्ड' नं आहे, न्यूस्टेडचे हात दिसतात. चाहत्यांनी बास वाढवून केलेली व्हर्जन पण यूट्यूबवर आहेत. आणि गिटारवाल्याला लो (खालचे सूर) थोडा कमी करायला सांग बरं का, गिटारची खालची तार ८२ हर्ट्झ, तुझी ४१, तुझी जागा त्यानं मोकळी सोडली तरच तू ऐकू येशील.

—

मूळ लेखक: दोघांचे लई आभार. 'ओरायन' लावलं, बास असा आला की हेडफोन कानावर थरथरले, परत करत नाही. सिॲटलचं रेकॉर्डिंग रात्री तीनदा बघितलं, अर्धं गाणं बसलं. गिटारवाला लो कमी करायला तयार होईना, पण उद्या प्रॅक्टिसला लो ठेवून आणि लो कमी करून असं दोन्ही रेकॉर्ड करून त्याला ऐकवणार आहे. आता एकच अडकलंय. न्यूस्टेड पिकनं (तार छेडायच्या छोट्या चकतीनं) वाजवतो, मी बोटांनी शिकलोय, त्या स्पीडला दोन मिनिटांत मनगट भरून येतं. फेब्रुवारीपर्यंत पिक धरायला शिकून होईल का, का बोटांनीच स्पीड वाढवू?