अनुभव धागा: सड्यावरचा वर्ग आणि कॉलेजातला वर्ग

भाची यंदा रत्नागिरीला एफ.वाय.ला आहे. कॉलेजने 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा एक कोर्स घ्यायला लावलाय, त्याचे क्रेडिट निकालात धरणार. ती मोबाइल डब्याला टेकवून दीडपट वेगाने लेक्चर लावते आणि मधेच मासे साफ करायला उठते. मी विचारलं, "कळतं का गं काही?" तर म्हणाली, "मावशी, कळायला कुठे, संपवायला लावलंय."

म्हणून हा धागा. ऑनलाइन बरं की वर्ग बरा हा वाद इथे नको, तो आपण दर गणपतीत पडवीत बसून घालतोच. तुम्हाला स्वतःला काय कळलं आणि काय राहून गेलं, तेवढं लिहा. गाव आणि साल टाका.

राजापूर तालुका, टी.वाय.बी.एस्सी. रसायन, 2020-21

मीच सुरुवात करते. आमची वाडी खाली खाडीच्या अंगाला, रेंज वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळी पठारावर. पाऊण तास पाखाडी चढून काजूच्या झाडाखाली बसायचं. श्रावणात एका हातात छत्री, एका हातात मोबाइल. मग लिहायचं कशाने? टायट्रेशन, म्हणजे थेंबथेंब द्रावण सोडून प्रमाण मोजायचं ते, व्हिडिओत पाहिलं. ब्युरेटमधून थेंब पडतो, फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग येतो, झालं. पुढे एम.एस्सी.च्या लॅबमध्ये उभी राहिले तर फ्लास्क गडद गुलाबी. पुन्हा केलं, पुन्हा गडद. तो रंग दिसेल न दिसेल इतका फिका हवा, आणि शेवटी ब्युरेटची तोटी, स्टॉपकॉक, जेमतेम उघडून अर्धा थेंब सोडावा लागतो. हे मला तोंडपाठ होतं, मनगटाला ठाऊक नव्हतं.

श्रीवर्धन, 2020

3 जूनला निसर्ग वादळ आलं. विजेचे खांब आडवे, माडा-पोफळींच्या बागा आडव्या. ऑनलाइन की ऑफलाइन? आमच्याकडे लाइनच नव्हती. पुढचे कितीतरी दिवस जनरेटरवाल्याच्या दारात मोबाइल चार्ज करायला रांग लावली, आणि चार्ज झालेल्या मोबाइलला टॉवर नाही. आमचं पहिलं ऑनलाइन सत्र एवढंच.

देवगड, बी.कॉम., 2020

सुप्रीम कोर्टाने ऑगस्टमध्ये सांगितलं की शेवटच्या वर्षाच्या परीक्षा घ्यायलाच हव्यात, आणि ऑक्टोबरात आमचे पेपर मोबाइलवर झाले. बहुपर्यायी प्रश्न. आंब्याच्या रिकाम्या पेट्या ठेवतो त्या खोलीच्या खिडकीत दोन दांड्या रेंज यायची, तिथे बसून दिले. खरं सांगायचं तर उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरत होती आणि मीही घेतली. जन्मात पडले नव्हते तेवढे मार्क पडले. आईने पेढे वाटले, मला तो पेढा गिळवेना.

पुढे ठाण्याला एका मुलाखतीत समोरच्याने साल वाचलं आणि हसून शेजारच्याला म्हणाला, "कोविडवाले." राग आला, पण त्याला उलट काय बोलणार? ताळेबंद जुळवायला मी शिकलो तो नंतर, एका सीएच्या ऑफिसात, शिव्या खात.

चिपळूण, एस.वाय., 2021

22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं ते माळ्याला टेकलं. वह्या, मागून आणलेली पुस्तकं, सगळ्याचा चिखल. मॅडम वर्षभर पीडीएफ पाठवायच्या तेव्हा आम्ही त्यांना नावं ठेवायचो. त्या मेलमध्ये तशाच कोरड्या होत्या. त्यांच्यावर पास झाले.

दापोली, बी.एस्सी. कृषी, 2020

कोय कलम. सरांनी व्हिडिओ पाठवला: रुजलेल्या कोयीचं तांबूस पानांचं कोवळं रोप, त्याचा शेंडा उडवून खोडाला उभी खाच, ज्या झाडाचं कलम करायचं त्याच्या काडीला पाचरीसारखा काप, पाचर खाचेत बसवून वरून प्लॅस्टिकची पट्टी. जुलै महिना, मी घरी, कोयींना तोटा नाही. शंभर कलमं बांधली, अकरा जगली. आजोबांनी व्हिडिओ पाहिला, मग मला बांधताना पाहिलं आणि म्हणाले, "चाकूला धार नाय, आणि काडी कापून तू विचार करत बसतोस. ती सुकते." दुसऱ्या खेपेला निम्म्याच्या वर जगली.

व्हिडिओत चाकूची धार दिसत नाही, हे सगळे म्हणतील. पण दुसरी बाजूही सांगतो. कॉलेजात असतो तर प्रात्यक्षिकाला माझ्या वाट्याला चार-पाच कोयी आल्या असत्या. शंभर बिघडवायची मुभा तिथे कोण देतो?

गुहागर तालुका, बी.ए., मुक्त विद्यापीठ

लग्नानंतर सात वर्षांनी नाव घातलं. संपर्क सत्र रविवारी तालुक्याला असायचं. रविवारी म्हणजे नेमकी घरात माणसं असतात तेव्हा. गेले असेन चार वेळा. टाळेबंदीत सत्रं मोबाइलवर आली आणि पहिल्यांदाच मला सगळी मिळाली. एका कानात इअरफोन, हातात भाकरी. सासूबाईंना वाटायचं गाणी ऐकते, मीही सांगितलं नाही. वर्गासारखं काही नाही म्हणणाऱ्यांनी तो वर्ग कोणाला परवडतो तेही पाहावं. मला मात्र कँटीन मिळालं नाही. पदवी मिळाली, तरी त्याचं अजून वाटतं.

सावंतवाडी, प्राध्यापक, अर्थशास्त्र

मी दुसऱ्या बाजूचा. फुकटच्या झूमला चाळीस मिनिटं, त्यातली दहा "सर, आवाज येत नाय" यात जायची. मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती हलते ते, शिकवताना वर्गात मी बाजारात शिरतो. बांगडा महागला की माणसं तारलीकडे वळतात, पण मीठ महागलं म्हणून कोणी आळणी जेवत नाही. मागच्या बाकावर कोणीतरी हसतं, त्यावरून मला कळतं की पोचलं. स्क्रीनवर नुसती आद्याक्षरं. कोणाला हसवणार?

पंधरवड्यात लाइव्ह तास बंद केले आणि बारा-बारा मिनिटांचे ऑडिओ व्हॉट्सॲपवर टाकू लागलो. रात्री रेंज आली की उतरवता येतात, पुन्हा ऐकता येतात, रोजच्या दीड जीबी डेटात बसतात. एके रात्री साडेअकराला एका मुलाची व्हॉइस नोट आली, मालवणीत. हा मुलगा वर्गात कधी तोंड उघडायचा नाही. मी त्याला ढ समजत होतो. प्रश्न असा होता की मी उठून बसलो. प्रमाण मराठीच्या धाकाने तो गप्प असायचा, हे मला इतक्या वर्षांत फळ्यासमोर उभं राहून कळलं नव्हतं.

पुढे 20 ऑक्टोबर 2021 ला कॉलेजं उघडली, आणि दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिलपर्यंत. वर्ग उघडा आणि लांबच्या गावांतली मुलं घरी. वडापच्या खाजगी गाडीला रोज शंभर रुपये कोण देणार? तेव्हा ऑडिओ परत सुरू केले. त्या वेळी सांगणारं वरून कोणी नव्हतं.

राजापूर (धागा माझा)

सर, अर्ध्यावर सोडू नका. प्रश्न काय होता?

सावंतवाडी, प्राध्यापक

"सर, माशाचो भाव वाढलो तरी माझ्या बापाशीक पैसे तेवढेच कित्याक गावतत?"

म्हणजे, भाव वाढला तरी बापाला पैसे तेवढेच का मिळतात? पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. म्हणजे असेल, पण मला सापडेना. पुढच्या आठवड्यात पहाटे मी मालवणला लिलावावर गेलो, तो मुलगाच दाखवायला आला होता. जाळ्यासाठी, डिझेलसाठी व्यापाऱ्याकडून आधीच उचल घेतलेली, म्हणून मासळी त्यालाच द्यायची, आणि भाव तो म्हणेल तो. वर बाजारात काय चाललंय याच्याशी संबंधच नाही. हे सगळं त्या मुलाला ठाऊक होतं. त्याला विचारायचं होतं ते याला अर्थशास्त्रात काय म्हणतात एवढंच.

त्या आठवड्याच्या ऑडिओत मी बोललो नाही, तो बोलला. चौदा मिनिटं, मालवणीत.